नकाशात आहे म्हणजे आहेच

३ सप्टेंबर, पहाटे ५
संकल्प: पाच दिवस साडूशी वाद घालायचा नाही. मनातसुद्धा नाही. पाठीवर सॅक, चार माणसं: मी, ही, हिची धाकटी बहीण आणि बहिणीचा नवरा, म्हणजे साडू. तंबू वाहायला खेचर आणि खेचराबरोबर एक वाटाड्या. वाटाड्याची खरं तर गरज नव्हती. या डोंगरांचा नकाशा मी स्वतः काढलाय, एकोणीस वर्षांपूर्वी, नकाशा खात्यात ड्राफ्ट्समन असताना. (अजूनही ड्राफ्ट्समनच आहे. खात्याचा करंटेपणा.)
काल फोनवर ही बहिणीला सांगत होती, की बिनधास्त या, आमच्याकडे नकाशा काढणारा माणूस आहे. बावीस वर्षांच्या संसारात हिने माझ्याबद्दल काढलेला हा पहिला चांगला शब्द. मी दाराआड उभा राहून दोनदा ऐकला. तो खोटा पडू द्यायचा नाही.

३ सप्टेंबर, सायं. ६
संकल्प मोडला. चूक साडूची. चढावर शीळ घालतो. मी मागे राहिलो तो दमलो म्हणून नव्हे, नकाशा पडताळायला. अकरा वेळा पडताळला. शेवटच्या तीन वेळा आडवा पडून.

४ सप्टेंबर
झाडं संपली. नुसते दगड, वारा आणि साडू. बूट चावतात. दुकानदार म्हणाला होता, की एकदा पायात बसले की काढावेसे वाटणार नाहीत. खरंच काढता येत नाहीत.

५ सप्टेंबर, स. ७
वाटाड्याला हाकललं. (तो म्हणतो, मीच निघालो.) इथून पुढे खेचर चढत नाही, तंबू पाठीवर घ्या म्हणाला. मी नकाशा उघडून दाखवलं, की खिंडीखाली निवारा आहे. काळा चौकोन, वर छप्पर, म्हणजे पक्की दगडी खोली. तर म्हणे तीस वर्षं या वाटेनं जातोय, तिथे साधा गोठासुद्धा नाही. कागदावर काय, कुणीही काहीही काढतं!
कुणीही? मी विचारलं, की तुला नकाशा वाचता येतो का? तो तंबू खेचरावर लादून चालू लागला. एखादा तरी तंबू ठेवून घेऊ, असं साडू म्हणाला. मला पाण्यात पाहतो तो. तेवढ्यात ही ठणकावून म्हणाली, की नकाशात आहे म्हणजे आहेच. छाती भरून आली. वर हवा विरळ आहे म्हणूनही असेल.

५ सप्टेंबर, दु. ४
जागेवर पोचलो. निवारा जरा पुढे असावा.

दु. ४.४०
किंवा जरा मागे.

सायं. ५.२०
आठवलं.
खिंडीचा भाग काढत होतो. टेबलावरचा फोन वाजला. साडू. बढती मिळाली, हे कळवायला. माझ्या हातातलं पेन कागदावर टेकलेलं राहिलं आणि शाईचा ठिपका पडला. चांगला मुगाएवढा. खोडला असता तर कागद फाटला असता आणि साहेबांनी मला फाडला असता. म्हणून ठिपक्याला चार बाजू केल्या, वर छप्पर चढवलं. सुबक झाला होता. साहेबांनी कौतुकही केलं.
म्हणजे मूळ दोष कुणाचा? फोन कुणी केला?
हिला सांगायचं नाही.

६ सप्टेंबर, स. ८
जिवंत आहोत. एका धोंड्याच्या आडोशाला, पाठीला पाठ लावून, चौघांत एक प्लॅस्टिक. मी सांगून टाकलं, की दरड कोसळून निवारा वाहून गेलेला दिसतो. हिचे डोळे भरून आले. बिचाऱ्यांनी इतक्या उंचावर दगड वाहून किती कष्टाने बांधला असेल, म्हणाली. साडू म्हणाला, की एखादा दगड तरी चौकोनी दिसायला हवा होता. संशयी माणूस.
मेहुणीची बोटं निळी पडली होती. साडू ती काखेत धरून ऊब देत होता. ते बघून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सगळं सांगून टाकावंसं वाटलं. मग साडूने विचारलं, की उजवीकडे जायचं का नकाशाला विचारून सांगता? राहिलं सांगायचं.

७ सप्टेंबर, दु. १२. बचाव चौकीच्या संडासातून, कडी लावून
खिंडीपलीकडे उतरलो तर ही चौकी. गरम पाणी, घोंगड्या. मेहुणीच्या बोटांना रंग आला. आता फक्त घर गाठायचं आणि विषय संपवायचा, असं ठरवून मी कप तोंडाला लावला.
चौकीप्रमुखाने विचारलं, की तुम्हीही निवाराच शोधत होतात का? भिंतीवरची वही काढली. आम्ही अठरावे. मागच्या वर्षी एकाची पायाची दोन बोटं कापावी लागली. खात्याला सात पत्रं गेली, उत्तर नाही. प्रमुख म्हणाला, आयुष्यात एकच इच्छा आहे, तो नकाशा काढणारा एकदा समोर यावा.
मी कपाच्या तळाशी काय आहे ते बघत होतो.
आणि ही उठली. घोंगडी सावरली, मान ताठ केली आणि म्हणाली, की हे काय, समोरच बसलेत, अख्खा नकाशा यांच्या एकट्याच्या हातचा आहे. इतका अभिमान मी हिच्या चेहऱ्यावर लग्नातसुद्धा पाहिला नव्हता.
चौकीतले सहाही जण उभे राहिले. क्षणभर मला वाटलं, मान द्यायला.