टीम हरेपर्यंत

सोमवार, ८ जुलै

हरलो की निघालो, म्हणाला! इतक्या थंडपणे! ताटातला राजमा तोर्तियानं पुसून खाता खाता.

मी म्हटलं, एडिल्सन, तुझा बापही माणसं चोरून सीमेपार नेणाऱ्या याच नेफ्तालीच्या गाडीत बसून उत्तरेला, अमेरिकेला गेला. दोन वर्षं फोन आले, मग तेही बंद. मेला की दुसरा संसार थाटला, देव जाणे. तर म्हणतो, "इथं राहून काय करू आई? कॉफीला तांबेरा लागला, हाताला काम नाही. कुणीतरी गेल्याशिवाय या घराचं कसं चालायचं? नेफ्तालीकडे जागा बोलून ठेवलीय."

रडले, ओरडले, पातेलं आपटलं. शेवटी त्यानं एवढंच कबूल केलं — गावाची टीम स्पर्धेत आहे तोवर हलणार नाही. कप्तान आहे ना! पोरांना शब्द दिलाय. नेफ्तालीची गाडी काय, चार दिवसांआड जातेच.

परदेशी विद्यार्थ्यांची बस दुपारी आली. दर जुलैत त्यांच्या चर्चतर्फे येतात, फुटबॉलची स्पर्धा भरवतात, प्रार्थना म्हणतात आणि उन्हानं लालबुंद होऊन परत जातात. त्यांचा स्वयंपाक माझ्याकडे. मार्लेनीला विचारलं, स्पर्धा किती दिवस चालते गं? ही माझी धाकटी, सतरा वर्षांची, पोरींच्या टीममध्ये खेळते. म्हणाली, "हरला की बाहेर, आई. जिंकत राहिलं तर शनिवारपर्यंत."

जन्मात चेंडूकडे बघितलं नाही मी. आता देव पाण्यात घालून बसलेय — अगदी खरोखर! सान अंतोनियोची मूर्ती ग्लासभर पाण्यात, डोकं खाली, पाय वर. पोरगा थांबेपर्यंत सरळ करणार नाही.

मंगळवार, ९ जुलै

जिंकलो!

घसा बसलाय. शेजारची लेंचा हसून हसून लोळायची बाकी होती. "अगं दिग्ना, ते आपलं गोल आहे! आपल्याच गोलात मारायला काय ओरडतेस?" मला काय कळतंय! चेंडू एडिल्सनच्या पायात असला की मी ओरडते. नसला की डोळे मिटून माळ ओढते.

संध्याकाळी मार्लेनी चिखलानं माखून आली. "आई, आमचीपण मॅच होती. मी दोन गोल मारले." मी कणीक मळत होते. हो का, म्हटलं, हात धू आणि मीठ दे इकडे.

बुधवार, १० जुलै

आज सामना नाही. घास उतरत नाही. पोरांचा बाप ओविदियो गेला तेव्हा हीच खुर्ची रिकामी झाली होती, आता त्यावर पोरगा बसतो.

गुरुवार, ११ जुलै

बरोबरी झाली, मग पेनल्टी. मी मैदानाकडे पाठ करून उभी राहिले. लोकांच्या ओरडण्यावरून कळलं. जिंकलो! सगळी पोरं एडिल्सनच्या अंगावर पडली. तो उंचच उंच विद्यार्थी केलब, त्यानं त्याला खांद्यावरच घेतलं. कसा हसत होता माझा पोर! बाप गेल्यापासून असा हसला नव्हता.

येताना मार्लेनी म्हणाली, "आई, दादाला जायचंच नाहीये. कुणीतरी गेलंच पाहिजे, म्हणून जातोय."

मी म्हटलं, तू गप गं. तुला काय कळतं त्यातलं?

गुणी आहे पोर, उलटून बोलत नाही.

शुक्रवार, १२ जुलै

गावातली म्हातारी डोन्या तोमासा वारली. उद्या अंतिम सामना, आणि आज ही गेली!

देवा, मला क्षमा कर. बातमी ऐकली आणि मला आनंद झाला. तोमासानं मला दोन्ही बाळंतपणांत सांभाळलं. माझ्या हातात तिच्या मयताला येणाऱ्यांसाठी ढवळायची कॉफी, आणि मनात एकच — नऊ दिवस! कुणाच्याही घरात मयत झालं की नऊ दिवसांच्या प्रार्थना संपेपर्यंत गावात कुणी चेंडूला पाय लावत नाही. पोरंसुद्धा नाहीत. म्हणजे अंतिम सामना लांबला. म्हणजे टीम अजून स्पर्धेत. म्हणजे माझा पोर नऊ दिवस माझा!

शवपेटीपाशी बसून ढसाढसा रडले. बायका म्हणाल्या, बघा, दिग्नाचा किती जीव होता. लाज वाटली, पण रडू थांबेना.

शनिवार, १३ जुलै

या चांगल्या माणसांना काय म्हणावं!

सकाळी त्या विद्यार्थ्यांतली मेगन आणि केलब सगळ्यांना चर्चसमोर घेऊन आले. मेगन मोडकंतोडकं बोलते, मार्लेनी नीट करून सांगत होती. "तुमचं दुःख ते आमचं दुःख. तुमचा रिवाज आम्ही मोडणार नाही. पण सोमवारी आमचं विमान आहे. म्हणून सामना न खेळताच दोन्ही टीम विजयी! कप दोघांचा!" बोलताना मेगनच्या डोळ्यांत पाणी होतं. मनापासून बोलत होती.

आणि आमचा गाव! पाहुण्याला नाही म्हणायचं नाही, एवढंच शिकलोय आम्ही. अंतिम सामन्यासाठी वर्षभर थांबलेली पोरं, तोंडं पडलेली, तरी सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पाद्रीबाबांनीसुद्धा.

मी एकटी उठले. "नको! असं नको! नऊ दिवसांनी आमचे आम्ही खेळू. संपली म्हणू नका!"

मेगन गांगरली. माझा हात धरून माफी मागत राहिली. तिला वाटलं, मला कप अख्खा हवा होता. लेंचानं मला ओढून खाली बसवलं. "काय हे दिग्ना, पाहुण्यांसमोर!"

मग फोटो काढला. एडिल्सन कप धरून उभा. हसला नाही.

घरी आल्यावर म्हणाला, "स्पर्धा संपली, आई. सोमवारी पहाटे गाडी आहे."

रविवार, १४ जुलै

सकाळी त्याचे बूट कोंबड्यांच्या खुराड्यात लपवले. त्यानं शोधलेसुद्धा नाहीत.

मी पाय धरले त्याच्या. आईनं पोराचे पाय धरले! म्हटलं, तू गेलास तर मी जगणार नाही. ऐकतोयस? मेलेली सापडेन. तो पांढराफटक पडला आणि बाहेर निघून गेला. मार्लेनी चुलीपाशी होती. तीही हातातलं टाकून त्याच्यामागे गेली.

दुपारी दोघं परत आली. एडिल्सननं माझ्या मांडीवर डोकं ठेवलं. "नाही जात, आई. राहतो."

नेफ्तालीला काय सांगणार, विचारलं. "ते मिटलंय," म्हणाला, आणि रडायला लागला. लहानपणी रडायचा तसा, हुंदके देऊन. रडू दे, म्हटलं, मन हलकं होईल.

सान अंतोनियोला पाण्यातून काढलं, पुसलं, फुलं वाहिली. कोंबडी कापली. सूप केलं, युकाचे कंद घालून. किती दिवसांनी तिघं पोटभर जेवलो! म्हणजे मी जेवले. पोरं आपली चमचा फिरवत होती, दमली असतील. मार्लेनीनं न सांगता भांडी घासली, माझे केस विंचरून दिले.

झोपायच्या वेळी म्हणाली, "आई, आज माझ्याजवळ झोप ना."

मी म्हटलं, आज नको गं, आज पुढच्या दारात अंथरूण टाकते. तुझ्या दादाचा काय भरवसा!

सोमवार, १५ जुलै

एडिल्सन घरात आहे. मार्लेनी नाही. मागच्या दारानं गेली. नेफ्तालीच्या गाडीत, त्याच्या जागेवर.

मी त्याला मारलं. हात दुखेपर्यंत मारलं. त्यानं हात वर केला नाही. म्हणाला, "मी खूप अडवलं, आई. ऐकेना. म्हणाली, तू गेलास तर आई जगणार नाही. मी गेले तर जगेल."