पहिला पेला

४ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

बाबांना जाऊन महिना झाला, तरी ते स्वयंपाकघरात येतात. नळ सोडला की क्लोरीनचा वास सुटतो आणि ते मागे उभे आहेत असं वाटतं. गावाच्या पाणी शुद्धीकरण केंद्रातून ड्यूटी करून आले की त्यांच्या शर्टाला हाच वास असायचा. परवा माझी चिमणी नळ हुंगून म्हणाली, आजोबा आले. मी नळ बंद केला.

मूत्राशयाच्या कॅन्सरचं कारण सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. पण असं क्लोरीनचं पाणी वर्षानुवर्षं पिऊन तो होऊ शकतो, हे मी वाचलंय. तू त्याच केंद्रात आहेस, लपवू नकोस. रोज सकाळी टाकीतला पहिला पेला बाबा प्यायचे, गावाच्या आधी. आता तो तू पितोस, हे वहिनीने सांगितलं. मी आता नळाऐवजी घरमालकांच्या विहिरीचं पाणी भरते. चिमणीलाही तेच देते.

तुझी धाकटी

९ मार्च

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

तू वाचलंस ते खोटं नाही. पाण्यात कुजका पाला असला की क्लोरीनशी मिळून काही द्रव्यं तयार होतात. ती वर्षानुवर्षं पोटात गेली तर धोका थोडा वाढत असावा, अशी शंका आहे. म्हणून आम्ही पाणी आधी नीट गाळतो, मगच क्लोरीन सोडतो. बाबांना त्यानेच झालं का? ठाऊक नाही. विड्याही होत्याच, आणि त्या आईपासून लपवायला तूच मदत करायचीस.

पण विहिरीला लागून संडासाची टाकी आहे, विसरलीस? ते पाणी चार दिवसांत लेकराला आडवं करेल. निदान उकळून दे. भीतीपायी डोकं गहाण टाकू नकोस.

पहिला पेला मी सोडणार नाही. मलाच प्यायची भीती वाटली, तर लोकांना कोणत्या तोंडाने पाजू?

तुझ्या काळजीत असलेला,
दादा

१६ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं तेव्हा चिमणी दवाखान्यात होती. जुलाब, ताप, हाताला सलाईन. नर्सने विचारलं, पाणी कुठलं पाजता. विहिरीचं, न उकळलेलं, मी सांगितलं.

आज तिला घरी आणलं. आल्या आल्या तिने आजोबांचं पाणी मागितलं. मी नळ सोडला. वास आला, मागे कुणीतरी उभं राहिलं. मी वळले नाही. पहिला पेला मी प्यायले, दुसरा तिला दिला.

ती गटागटा प्यायली, आणि मी तिच्याकडे बघत राहिले. दादा, आता रोज अशीच बघत राहणार.

माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी धाकटी