स्टेफानचं गुलाबी पाणी

२६ एप्रिल
अंगणातला बर्फ गेला. आमच्या चाकांवरच्या घराची, कॅम्परची, ताडपत्री काढली. नवरा गेल्यानंतरचा, स्टेफानशिवायचा पहिला मोसम. मला सगळं येतं, माहितीपुस्तक दोनदा वाचलंय. टाकी भरायची, नळ उघडायचे, पाइप फुटू नयेत म्हणून हिवाळ्यात घातलेलं गुलाबी अँटिफ्रीझ वाहून जाऊ द्यायचं. एका दुपारचं काम.
टाकी भरली, पंप चालू केला. कुठे पाणी वाहिलं की तो आपोआप गुरगुरतो, एरवी गप्प. नळ उघडले नाहीत. ते गुलाबी पाणी स्टेफानने ऑक्टोबरमध्ये घातलंय. त्याचं शेवटचं काम. शिवाय थंडी परत आली तर?

२९ एप्रिल, संध्याकाळ
कॅम्परमध्ये पुस्तक घेऊन बसले. नळ बंद, तरी पंप गुरगुरला आणि थांबला. थोड्या वेळाने पुन्हा. जेवण झाल्यावर स्टेफान अस्साच घसा खाकरायचा. भुतंबितं मी मानत नाही. कॉफी दोन कप केली, एवढंच.

४ मे
कुंपणापलीकडचा नेस्टर पिरोगी, त्याच्या त्या उकडलेल्या करंज्या, घेऊन आला. पंप ऐकून म्हणाला, "फ्रीडा, गळतंय कुठेतरी. सिंकखाली बघ." सिंकखाली स्टेफानचे गमबूट आहेत, ते हलवायचे नाहीत. नळ थंडीमुळे उघडले नाहीत, असं सांगितलं. म्हणाला, "थंडीची भीती, आणि टाकी गच्च भरून ठेवलीस? धन्य बाई!"
पिरोगीत मीठ कमी होतं.

११ मे
लाँग वीकेंडला तळ्यावर नेहमीचीच जागा घेऊ का, असं स्टेफानला विचारलं. लगेच गुरगुर. होकारच तो.
नळ उद्या नक्की.

१७ मे
नेस्टरने न विचारता बूट ओढले. डावा बूट गुलाबी पाण्याने भरलेला. पान्याने जोड आवळत पुटपुटला, "माझंच काम कच्चं. ऑक्टोबरात अँटिफ्रीझ घालताना हा जोड घाईत बसवला."
मी म्हटलं, तू?
"मग कोण? त्याला उभं तरी राहवत होतं का? खुर्चीत बसून मला शिव्या घालत होता. वर दम, फ्रीडाला बोललास तर बघ."
म्हणजे इतके दिवस मी नेस्टरचं अँटिफ्रीझ सांभाळलं.
सगळे नळ उघडले. गुलाबी, मग फिकट, मग नुसतं पाणी. बंद केले.

संध्याकाळी
कॉफी एकच कप. पंप गप्प. बराच वेळ गप्प.
नळ किंचित सैल केला. गुरगुरला.
पाणी वाया जातंय. उद्या नक्की बंद करीन.