परतीची उसनी गोष्ट

३ नोव्हेंबर

पोचले एकदाची! पाय माझेच आहेत की कुणाचे भाड्याने आणलेत असं झालंय, पण मन हलकं आहे. चांगह्वा शहरातल्या विमा कचेरीत दहा वर्षं पंख्याखाली बसून कागद पुढे सरकवले. आता डोंगरावरच्या या निवाऱ्याच्या ओट्यावर बसलेय आणि ढग पायाखाली आहेत. आईला वाटतं, पोरीच्या डोक्यावर परिणाम झाला. शेवयांच्या सुपाची टपरी एकटीने चालवणारी बाई, तिला काय सांगणार! निघताना मात्र तिनेच गरम मोजे पिशवीत कोंबले.

निवारा म्हणजे एक लांबट लाकडी खोली, झोपायला फळ्यांचे माचे, टोकाला स्वयंपाकघर, आणि मागच्या दाराबाहेर पाण्याची टाकी व भांडी घासायची मोरी. चालवतात हुसुंग काका, खालच्या बुनुन आदिवासींच्या वस्तीतले. आवाज असा की दरीतलं रानडुक्कर दचकून उठावं. स्वयंपाक शिऊ मावशींचा. त्यांच्या हाताखाली कोबी चिरणं, भात लावणं आणि भांडी घासणं माझ्याकडे.

आल्या आल्या काकांनी माझं बारसं केलं. डोंगरात कुणी कुणाचं पूर्ण नाव घेत नाही. ज्याने ऐकू नये तोही ऐकतो आणि मग त्या नावाने हाक मारायला लागतो. म्हणून प्रत्येकाला एक डोंगरनाव. माझ्या गोऱ्या, गुबगुबीत पिंढऱ्या बघून काका म्हणाले, अरे, हा तर बाजारातून आत्ताच धुऊन आणलेला मुळा! झालं, मी मुळा. मावशींनी दिलासा दिला की घाबरू नकोस बाई, महिनाभरात सुकून लोणच्याचा होशील.

संध्याकाळची जेवणं उरकली की पाहुणे शेगडीभोवती बसतात. आल्याचा गुळचट चहा फिरतो आणि ज्याला हुक्की येईल तो आपली परतीची गोष्ट सांगतो: कुठे अडकलो, काय युक्ती केली, कसा परत आलो. काकांची अट एकच. जे स्वतःच्या अंगावर आलं तेवढंच सांगायचं. उसनी गोष्ट सांगाल तर मूळ मालक तुम्हालाच न्यायला येईल, असं म्हणून ते खो खो हसले. मीही हसले.

६ नोव्हेंबर

काय एकेक माणसं येतात! निवृत्त टपालवाल्या आजोबांनी सांगितलं की पावसात अडकलात तर आधी कोरडे मोजे वाचवा, अब्रू नंतर. दोन परिचारिका आल्या होत्या. त्यातली एक म्हणाली, वाट चुकली तर ओढ्याच्या कडेने खाली जावं, पाणी गावालाच जातं. काकांनी कपाळावर हात मारला. म्हणाले, पाणी जातं गं, त्याला धबधब्यावरून उडी मारता येते, तुला येते का? वाट चुकली की डोंगराच्या धारेकडे चढायचं, नाहीतर आहे तिथे बसायचं. मग तासभर त्यावरच वाद. मी चहा देत ऐकत होते. इतकं सुख बऱ्याच दिवसांत झालं नव्हतं.

शेवटी टपालवाल्या आजोबांनी मला घेरलं: मुळाबाई, तुमची गोष्ट? मी म्हटलं, मला नाही. त्यावर सगळे हसले. निवाऱ्याची बाई आणि एकदाही हरवली नाही! म्हणजे पोहता न येणारा नावाडी, म्हणाले. मीही हसले, पण जरा लागलं.

९ नोव्हेंबर

आज भांडी घासताना मागच्या दाराशी एक पाहुणा येऊन बसला. निळं जाकीट ओलं चिंब. आज मुक्कामाला आलेल्या आठजणांच्या चमूतला असावा. आत शेगडी आहे, तिथे बसा म्हटलं तर नको म्हणाला. चहा दिला. प्यायला नाही, नुसता कप दोन्ही हातांत धरून बसला.

मग आपणहून बोलायला लागला, हळू आणि अगदी व्यवस्थित. वीज पडून दुभंगलेल्या देवदाराखाली एक कातळ आहे, तिथे तो धुक्यात अडकला होता. थंडीत आधी जाकिटात वाळलेलं गवत कोंबायचं, म्हणाला. जमिनीवर बसायचं नाही, पाठपिशवीवर बसायचं. ओढ्याकडे जायचं नाही. शिट्टी वाजवायची, थांबायचं, पुन्हा वाजवायची. मी हातातलं पातेलं तसंच धरून ऐकत राहिले. पुढे काय झालं विचारलं, तर म्हणाला की पुढचं माझ्याकडे नाही. मी पातेलं पालथं घालून वळले तोवर उठून गेलाही होता. चहाचा कप तसाच भरलेला.

१२ नोव्हेंबर

आज मी गाढवपणा केला.

एका कॉलेजातले जुने दोस्त आले होते, मस्तीखोर. मुळा, मुळा करून माझी टिंगल चालली होती. त्यातला एक चष्मेवाला म्हणाला, ताई, तुम्ही डोंगरात राहता की डोंगराच्या कॅलेंडरात? आणि माझ्या तोंडून निघूनच गेलं की माझीही एक गोष्ट आहे.

त्या माणसाचीच सांगितली. देवदार, कातळ, गवत, शिट्टी, सगळं "मी" म्हणून. जमलीही छान, चष्मेवाला पुढे सरकून बसला. पण गोष्टीला शेवट नव्हता ना! मग मीच रचला. दुपारी धुकं विरळ झालं, कुणीतरी समोर उभं राहिलं आणि मला पूर्ण नावाने हाक मारली. तिथे रंग चढावा म्हणून मी माझं नाव घेतलं. आडनावासकट. मोठ्याने.

टाळ्या पडल्याच नाहीत. त्या दोस्तांमधली एक मुलगी उठून आपल्या माच्यावर गेली. शिऊ मावशींच्या हातातला डाव खाली पडला. हुसुंग काकांनी बाटलीतली बाजरीची दारू उंबऱ्यावर ओतली आणि आपल्या भाषेत कितीतरी वेळ पुटपुटत राहिले. मग मला बाजूला घेऊन विचारलं, कुणाची गोष्ट ही? मी सांगितलं, त्या आठांमधल्या निळ्या जाकीटवाल्याची. ते म्हणाले, त्यांच्यात निळं जाकीट कुणाचंच नव्हतं.

१३ नोव्हेंबर

सकाळी काकांनी सगळं सांगितलं. आज एकही थट्टा नाही.

काही वर्षांपूर्वी निळ्या जाकिटातला एक माणूस एकटाच धारेवर गेला आणि धुक्यात हरवला. दुभंगलेल्या देवदाराजवळ त्याची शिट्टी दोन दिवस ऐकू येत होती. काका स्वतः शोधायला गेले होते. कातळापाशी गवत उपटलेलं दिसलं, माणूस नाही. त्याच्या गोष्टीला परतीचा शेवट नव्हता, म्हणून तो तिथे अडकून होता. तू त्याला शेवट दिलास, काका म्हणाले, आणि वर त्या गोष्टीत स्वतःचं नाव घातलंस. आता ती तुझी झाली. तो सुटला आणि त्याच्या जागी कातळावर कुणीतरी लागणार.

मी म्हटलं, काका, घाबरवू नका. ते म्हणाले, मीच घाबरलोय गं पोरी.

उद्या सामान वाहणाऱ्या दोघांबरोबर मला खाली पाठवणार. पिशवी भरली.

१४ नोव्हेंबर

दोघांच्या मधून चालत होते. एक पुढे, एक मागे, काकांनी तशीच ताकीद दिली होती. वळणावर धुकं आलं. बुटाची नाडी सुटली म्हणून वाकले. उठले तर दोघेही नाहीत.

ओढ्याकडे गेले नाही. धारेकडे चढले, शिकवल्याप्रमाणे. हाका मारल्या. धुक्यातून कुणीतरी माझ्या पूर्ण नावाने ओ दिली. मी पळाले. धुकं फाटलं तेव्हा समोर निवाऱ्याचं मागचं दार होतं. देवा, इतकं रडले मी!

आत गेले. मावशी कोबी चिरत होत्या. मी म्हटलं, मावशी, आले परत. त्यांनी मान वर केली नाही. शहारल्या आणि उठून माझ्या मागचं दार लावून घेतलं.

जाकिटात काहीतरी टोचत होतं. चेन उघडली. गवत.

१५ नोव्हेंबर

सामानवाले परत आले. काकांना सांगत होते की मुळाला बसमध्ये बसवूनच निघालो, खिडकीतून हात हलवत होती. मी त्यांच्यासमोर उभी होते. एकाचा दंड धरला. त्याने तो खाजवला आणि चहा मागितला.

काकांनी उपग्रह फोनवरून आमच्या घरी फोन लावला. आईचा आवाज बाहेरपर्यंत येत होता. पोचली हो पोचली, म्हणत होती, सूप पितेय, वाडगा नुसता हातांत धरून बसलीय वेडी. मग तिने फोन दिला. पलीकडून माझा आवाज आला. काकांचे आभार मानले. हसला. मी तशीच हसते.

काकांनी फोन ठेवला आणि डोळे पुसले. डोंगराने सोडली पोरीला, म्हणाले.

आई, ती मी नाही. आई, दार लावून घे —

१८ नोव्हेंबर

निवाऱ्यात फार वेळ थांबता येत नाही. जरा डोळा लागला की जाग कातळावर येते. पाठपिशवीवर बसलेली असते. पुन्हा चढून येते. मागच्या दारापर्यंतच. आज शेगडीपर्यंत जाता आलं नाही. थंडी हाडांत शिरलीय. शिट्टी वाजवते, थांबते, वाजवते. आतले म्हणतात, वारा.

सारखं एकच डोक्यात. तिकडे माझ्या रूपातल्या त्या माणसाला आई जेवायला वाढते आहे.

२१ नोव्हेंबर

माझ्या जागी नवा माणूस आला. तैपेईत टॅक्सी चालवायचे, पन्नाशीचे, तोंड एक मिनिट बंद नाही. काकांनी नाव ठेवलं मीटर. भांडी घासताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं —

पाहिलं! म्हणाले, अहो ताई, भिजलात किती! चहा घ्या. कप दिला. हातांना ऊब लागली, तोंडाशी नेता येईना. बायको गेली, लेक यंदा दहावीला आहे, तिला शिखर चढल्याचं पदक दाखवायचंय, म्हणून डोंगर चढायला शिकतोय, असं सगळं आपणहून सांगितलं. मग म्हणाले, इथे सगळे माझी टिंगल करतात, माझ्याकडे परतीची गोष्ट नाही ना!

मला कळलं. काय करायचं ते मला त्याच क्षणी कळलं.

नाही सांगणार. त्यांना लेक आहे. नाही.

२३ नोव्हेंबर

आईचा फोन आला होता काकांना. मागच्या दारातून ऐकलं. पोरगी हल्ली टपरीवर येते म्हणे, पण गरम वाफेजवळ उभी राहत नाही. आणि कालपासून आईलाच म्हणते आहे की चल, तुला डोंगर दाखवते. एक कातळ आहे, म्हणते, तिथून फार छान दिसतं.

आई हो म्हणाली आहे.

२४ नोव्हेंबर

सांगितली.

इथून सुटले तरच आईला वाटेत अडवता येईल, कुणाच्या का रूपात असेना. मीटरकाका भांडी घासत होते. देवदार, गवत, शिट्टी, सगळं सांगितलं. हातातला तवा तसाच धरून ऐकत राहिले. तुमची म्हणून सांगा, म्हटलं. शेवटी कुणीतरी पूर्ण नावाने हाक मारतं, तिथे आपलं नाव घ्या, आडनावासकट, टाळ्या पडतील. ते म्हणाले, पण डोंगरात नाव घेत नाहीत ना ताई? मी म्हटलं, गोष्टीत चालतं.

त्यांनी मला धन्यवाद दिले. मी मेले त्या क्षणी, खरं तर.

२५ नोव्हेंबर

जेवणं झाली. मागच्या दाराच्या फटीतून दिसतंय. चहा फिरतोय. कुणीतरी म्हणालं, मीटर, चालू करा की आता. सगळे हसले.

सुरू केली त्यांनी. छान सांगतात, माझ्याहून छान. देवदार झाला. कातळ झाला —

हुसुंग काकांनी कप खाली ठेवला. ओळखली त्यांनी. उठताहेत. गर्दीतून वाट काढताहेत, पाय अडकतोय कुणाच्या तरी पिशवीत. मीटर, थांब, ओरडले. मीटरकाकांना वाटतंय कौतुक चाललंय. हात वर करून, थांबा थांबा, खरी गंमत पुढेच, म्हणताहेत —

नाव नका घेऊ हो. लेक आहे तुमची. मी दार बडवतेय, ऐकू जात नाही कुणाला —

उभे राहिले. धुकं विरळ झालं, म्हणाले. काकांचा हात त्यांच्या तोंडाजवळ —

नका घेऊ — आई निघाली असेल — घ्या — घ्या ना, मीटरकाका, लवकर घ्या —