दिमीतर देवीला माझं नाक

आदरणीय विहीणबाई मारिगो,

तुमचे गुडघे दुखायचे थांबले असतील, शेळ्या दूध देत असतील आणि तुमचे हे अजून कॉफीखान्यातून वेळेवर घरी येत नसतील, असं धरून चालते. तुमच्या नाक्सोस बेटावर वारा सुटला की बोट बंद होते, म्हणून पत्र आजच टाकते. मी बरी आहे. रागावलेली मुळीच नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण फोतिनीनं फोनवर तुम्हाला भलतंच सांगितलं असणार. माझ्या लेकीला तिखटमीठ लावायची सवय आहे (कुणावर गेली आहे कोण जाणे).

तर तुमचे चिरंजीव. आमचे जावई आर्गिरी अथेन्सला कॉम्प्युटरवरचे खेळ बनवतात हे आपल्या दोघींना ठाऊक होतं, पण कसले खेळ ते आपण विचारलं नाही, तिथंच चुकलं. (मी समजत होते पत्त्यांचे.) त्यांच्या त्या गाजलेल्या गेमच्या मालिकेत सगळे जुने देव येतात म्हणे, आणि नव्या तिसऱ्या भागात आमच्या एलेफ्सिनाची दिमीतर आली आहे. तीच ती पिकापाण्याची देवी, जिची लेक पाताळाच्या राजानं पळवली आणि जिनं त्या संतापात जगभर हिवाळा आणला. तिच्या देवळाचे दगड माझ्या गच्चीतून दिसतात, त्यावर माझ्या मांजरी ऊन खातात. तेव्हा गावची बाई कशी दिसते बघावं म्हणून मी कौतुकानं शेजारच्या पोलिख्रोनींकडे गेले. (या गृहस्थांनी जन्मभर गोदीत वेल्डिंग केलं, आता दिवसभर गेम खेळतात. बायको नाही, त्यामुळे ओरडणारं कुणी नाही.) पडद्यावर बर्फ, धुकं, आणि त्या धुक्यातून कोण यावं? मी. माझं नाक, माझा हनुवटीवरचा तीळ, माझा कमरेवरचा हात. पायात माझ्या घरातल्या चपलासुद्धा.

तेही मी गिळलं असतं. पण ही देवी येते आणि समोरच्या वीरावर थुंकते. थू, थू, थू. आणि तो वीर उड्या मारत पळत सुटतो. पोलिख्रोनी म्हणाले, जगभरातली माणसं अशीच पळतात, हे तिचं सगळ्यात जालीम विष आहे असंच सगळे धरून चालतात. विहीणबाई, आता तुम्हीच सांगा. बाळ गोंडस दिसलं, नवरी नटली, तर आपण काय करतो? नजर लागू नये म्हणून तीनदा थू थू करतो. लग्नात तुमच्या आर्गिरींच्या कोऱ्या सुटावर मीच केलं होतं. आणि त्याचं त्यांनी विष केलं. मी घरी येऊन तडक फोन लावला आणि सांगितलं की या ईस्टरला इकडे फिरकायचं नाही, कोकरू मी एकटी खाईन. त्यावर ते फक्त म्हणाले, बरं, आई. (हे “बरं, आई” तुम्ही शिकवलंत का हो? फार लागतं ते.)

मग घर खायला उठलं. ईस्टरची अंडी रंगवायला लाल रंग आणून ठेवला होता, त्याच्याकडे बघवेना. शेवटी मी पुन्हा पोलिख्रोनींकडे गेले आणि म्हटलं, ते यंत्र द्या माझ्या हातात, त्या म्हातारीला मीच मारते. त्यांनी दिलं (माझा चेहरा बघून कुणीही दिलं असतं). माझा वीर आधी भिंतीवर आपटला, मग विहिरीत पडला, पण कसाबसा देवीसमोर पोचला. ती आली, कमरेवर हात ठेवला, थुंकायला लागली. पोलिख्रोनी ओरडले, पळा. मी कशाला पळू? नजर काढताना कुणी पळतं का? सवयीनं मी खुर्चीतच मान खाली केली आणि वीर जागच्या जागी उभा राहिला. तिन्ही थुंक्या अंगावर पडल्या. तो मेला नाही, विहीणबाई. बर्फ वितळलं, चिखलातून गव्हाचे कोंब वर आले, आणि देवी जवळ येऊन त्याच्या कानात म्हणाली,

“आता तू माझा. तुला कुणाची नजर लागायची नाही.”

हे वाक्य माझं आहे. लग्नात थू थू करून झाल्यावर मी आर्गिरींच्या कानात बोलले होते. (एरवी अहो-जाहो करते, तेवढ्याच वेळी तू म्हटलं.) वाजंत्री इतकी जोरात होती की त्यांना ऐकू गेलं नाही असंच मी आजवर समजत होते. पोलिख्रोनी अख्खा हिवाळा जिला मारायला धडपडत होते ती अशी निघाली म्हणून आ वासून बसले, आणि त्यांच्या सिगारेटच्या धुरानं माझ्या डोळ्यांना धार लागली.

बाकी सर्व क्षेम. तुमच्या ह्यांना नमस्कार, शेळ्यांना गोंजारा.

तुमचीच,
इव्हान्थिया

ता.क. आपली मुलं ईस्टरला तुमच्याकडे यायची आहेत, ते माहीत आहे. त्यांना कळवाल का, की नाक्सोसला वारा आहे, बोटी बंद आहेत, एलेफ्सिनाला जा? माझं नाव काढू नका. मग तुम्ही दोघंही या. (वारा नसेलच, तो आपण सोडलेला.) कोकरू मोठं घेतलं आहे.

पुन्हा ता.क. नाक मात्र त्यांनी मोठं काढलं आहे. चौथ्या भागात कमी करायला सांगा.

शेवटचं ता.क. सगळं जग पळतं, तर लग्नात तेवढे तुम्ही कसे उभे राहिलात, असं आर्गिरींना विचारा. नको, राहू द्या. दारात आले की आधी तीनदा थुंकेन, मग मीच विचारीन.