अध्यक्षपद माझ्या मालकीचे नाही

मी, सुखदेव तुळशीराम तायडे, वय एकोणपन्नास, राहणार लेस्टर, इंग्लंड, हॉस्पिटलच्या लॅबमधील टेक्निशियन, बुद्ध, धम्म आणि संघ यांना वंदन करून हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहीत आहे. येत्या मंगळवारी, वीस तारखेला, माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे. डोके मात्र ठीक चालते. पत्नी द्रौपदीला शंका असेल तर तिने आत्ताच सांगावे. कोणाच्या दबावाने किंवा भिडेने मी यातला एकही शब्द लिहिलेला नाही. याआधी मृत्युपत्र केलेले नाही.

१. राहते घर आणि बँकेत जे असेल ते सर्व माझी पत्नी द्रौपदी हिचे. अट काही नाही. गॅरेज पाडून तिथे काचेची खोली बांधायची तिची जुनी इच्छा आहे, खुशाल बांधावी. फक्त त्या गॅरेजात काय घडले ते नोंदवून ठेवतो.

आमचे विहार तेव्हा लंडनजवळच्या स्लाऊ गावातल्या मध्यवर्ती मंडळाची शाखा होते. वर्गणी आम्ही भरायची, अध्यक्ष त्यांनी नेमायचा, आणि बाबासाहेबांची जयंती कोणत्या रविवारी करायची हेही पत्राने कळायचे. त्या वर्षी मी लायब्ररीतून आणून अमेरिकेतल्या तेरा वसाहतींचा इतिहास वाचत होतो. समुद्रापलीकडच्या पार्लमेंटमध्ये आपला एकही माणूस नसताना तिने लावलेला कर आपण का द्यायचा, असे ते लोक विचारत होते. अमरावतीजवळच्या दोन खोल्यांच्या शाळेत शिकलेल्या मला हा प्रश्न लगेच कळला. तोच मी स्लाऊला पत्राने विचारला. उत्तर आले नाही, विहाराच्या हॉलचे कुलूप बदलले गेले.

सप्टेंबर १९९९ मध्ये आमच्या गॅरेजात तेरा कुटुंबे जमली. आकडा मी जुळवलेला नाही. चौदाव्या कुटुंबाची गाडी वाटेत बंद पडली होती. फ्रीझरवर पांढरी चादर घालून बुद्धमूर्ती ठेवली, पंचशील घेतले आणि आम्ही स्वतंत्र झालो.

२. अमेरिकेच्या इतिहासावर रविवारच्या वर्गासाठी लिहिलेल्या माझ्या तीन वह्या मुलगी धम्मशीला हिला. ती तिच्या लेस्टरच्या मराठीत म्हणते, "बाबा, तुमचा वही मी इंग्लिशमध्ये टाइप करते, पण तुमचं हँडरायटिंग फारच हॉरिबल आहे." टाइप करावे. पण दुसऱ्या वहीतले एक पान गाळू नये. सगळी माणसे समान आहेत असे जगाला सांगणाऱ्या देशाने अकरा वर्षांनी राज्यघटना लिहिली, आणि तिच्यात गुलामांची मोजणी पाच गुलाम म्हणजे तीन माणसे अशी केली. आपण कोणत्या वस्तीतून आलो हे ज्याला ठाऊक आहे, त्याने हे पान दोनदा वाचावे.

आम्हीही चुकलो, तेही तिथेच लिहिले आहे. आमच्या घटनेच्या पहिल्या मसुद्यात "एका कुटुंबाला एक मत" असे कलम होते, आणि ते लिहिणारे आम्ही सगळे पुरुष होतो. मी मोठ्याने वाचून दाखवले. चहाचा ट्रे घेऊन द्रौपदी दारात उभी होती. ती म्हणाली, "अहो, यापेक्षा स्लाऊ परवडलं. तिथे निदान तुम्हालाही मत नव्हतं." आधी बायका हसल्या, मग आम्हाला हसावे लागले. तो कागद तिथेच फाडला. माणशी एक मत हे आमचे कलम तिचे आहे. सही माझी असली तरी.

३. शशिकांत मून यांना माझा इंग्रजी शब्दकोश. स्लाऊने नेमलेले शेवटचे अध्यक्ष तेच. आमची घटना पाहून ते सर्वांसमोर म्हणाले होते, "तायडे, खेड्यातल्या शाळेत शिकून घटना लिहायला निघालास? शब्दकोश तरी आहे का घरात?" हा टोमणा मी विसरलो असे लिहिणार होतो, पण मृत्युपत्रात खोटे लिहू नये. मात्र हेही खरे की आमच्या पहिल्या निवडणुकीत ते माझ्याविरुद्ध उभे राहिले, पडले, आणि पुढच्या रविवारी सर्वांच्या आधी येऊन खुर्च्या मांडू लागले. विहार टिकणार हे मला त्या दिवशी कळले, मी जिंकलो त्या दिवशी नव्हे.

४. गेल्या रविवारी मूनसाहेब घरी आले. म्हणाले, "तायडे, तुमचं ऑपरेशन वीसला, निवडणूक पंचवीसला. निवडणूक पुढे ढकलू या. तुम्हीच राहा. ते नको असेल तर मृत्युपत्रात एक नाव लिहून ठेवा. तुमचा शब्द कोणी मोडणार नाही."

मी म्हणालो, "म्हणूनच लिहीत नाही."

"आणि भलताच माणूस निवडून आला तर?"

"तर चार वर्षांनी पाडा. पडायची सवय असलेले एक गृहस्थ मला माहीत आहेत."

ते इतके हसले की द्रौपदीने मला बोलायला बंदी केली.

तेव्हा लिहून ठेवतो. कोणालाही दोनच मुदती, हे कलम मीच लिहिले आणि माझ्या दोन्ही या महिन्यात संपतात. अमेरिकेच्या पहिल्या अध्यक्षाला तर असे कलमही नव्हते. तो मरेपर्यंत बसला असता तरी त्याला कोणी उठवले नसते. दोन मुदती झाल्यावर तो आपल्या शेतीवर परत गेला. युद्ध जिंकणारे पुष्कळ झाले. मला त्याचे ते घरी जाणे मोठे वाटते. अध्यक्षपद माझ्या मालकीचे नाही, म्हणून ते या मृत्युपत्रात कोणालाही दिलेले नाही. निवडणूक पंचवीसलाच व्हावी. मी गेलो तर त्या दिवशी शोकसभा घेऊ नये. आधी वंदना, मग मतदान, शेवटी चहा. आणि चहा पुरुषांनी करावा.

५. माझे दहन साधेपणाने व्हावे. त्रिसरण-पंचशील म्हणावे, भाषणे नकोत. या मृत्युपत्राची अंमलबजावणी धम्मशीलाने करावी.

६. विहाराच्या निवडणुकीतले माझे मत मी टपाली मतदानाच्या नियमाप्रमाणे आधीच देऊन, पाकीट बंद करून द्रौपदीजवळ ठेवले आहे. तिने विचारले नाही आणि मी सांगितले नाही. मंगळवारी मी वाचलो तर ते मतपेटीत टाकावे. न वाचलो तर न उघडता फाडून टाकावे. मेलेल्या माणसाचे मत मोजू नये. आमचे विहार जिवंत माणसांनी चालवण्यासाठीच आम्ही स्वतंत्र केले.

वरील सर्व मी वाचून पाहिले, ते माझ्या मनासारखे आहे, आणि खालील दोघांच्या देखत आनंदाने सही करीत आहे.

सुखदेव तुळशीराम तायडे

आमच्यासमोर तायड्यांनी सही केली. त्यानंतर त्यांच्या आणि एकमेकांच्या समोर आम्ही केली. यातून आम्हाला काहीही मिळत नाही.
वैजयंती रंगारी, स्टाफ नर्स
प्रणय भगत, शेजारी

लेस्टर, शुक्रवार, १६ नोव्हेंबर २००७