शेवंतीकाकींचा नारळ

डिचोली, मंगळवार, संध्याकाळ

आज पाळी गावात शेवंतीकाकींच्या कुळागरात, माडा-पोफळींच्या बागेत, तारेचा वेढा अंथरला. त्यात वीज सोडली की जमिनीखाली काय दडलंय त्याचा अंदाज यंत्रावर येतो. जवळ लोखंड नको म्हटल्यावर काकींनी स्वतःच कोयता, बादली, गुराची साखळी लांब नेऊन ठेवली. मग हळूच विचारलं, "पुता, उदक मेळटलें मरे?" शेजारच्या खाणीचा खड्डा खोल गेल्यापासून त्यांच्या विहिरीला पाणी नाही.

मी मान हलवली. का हलवली? ओल्या मातीवरही यंत्र असंच बोलतं, म्हणजे अगदीच खोटं नव्हतं... पण मला खाणवाल्यांनी पाठवलंय, खनिजासाठी. एवढं एक वाक्य तोंडातून निघालं नाही. चहा मात्र दोनदा घेतला.

आकडे सगळ्यात जास्त चढले तिथे खुंटी ठोकली. सामान आवरून वळलो, तर खुंटीशी नारळ. हळदकुंकू लावलेला, विहीर खणण्याआधी ठेवतात तसा. काकी म्हणाल्या, "खणपाक येतलो तेन्ना तूंच फोड."

आत्ता अहवालात खुंटीची जागा लिहिली. नारळ अजून तिथेच असेल. खणायला लोक येतील, हे नक्की. तेव्हा मी तिथे नसेन, हेही.